दोन खुर्च्यांचं एस्टिमेट

वन्सं,

आधी महत्त्वाचं सांगते. तुमची वेताची खुर्ची कोणालाही दिलेली नाही. तेराव्याला पाहुण्यांना खुर्च्या कमी पडल्या तेव्हा मिलिंदनं ती उचलली होती. माझ्या पोटच्या पोराला मी चारचौघांत म्हटलं, "ठेव ती खाली. तिची जागा एस्टिमेटमध्ये धरलेली आहे." पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. सूनबाईंनी हळूच पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, नणंद गेली आणि म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. मी फक्त भांडणाच्या तयारीत होते, आणि भांडायला तुम्ही नव्हतात, म्हणून जो समोर आला त्याला घेतला.

पंगत उठायच्या आतच विषय निघाला. तुमचा लाडका भाचा म्हणाला, "आई, ते मागच्या अंगणातलं लाकडी डेकचं आता राहू दे. आत्या गेली. एकटीसाठी कशाला एवढं? मी सिमेंटचा कोबा करून देतो, दोन दिवसांत काम खतम."

एकटीसाठी! मी काय दुकानात उरलेला माल आहे, की उरलंय तेवढ्यात भागवा?

दिनकरभावोजी तर त्याच्याही पुढे. जेवण हातावर सुकत होतं तरी बोलले, "वहिनी, वर्षाच्या आत घराला कुदळ लावू नये."

मी म्हटलं, "भावोजी, वन्संनी बांधकाम खात्याच्या नोकरीत इतके खड्डे खणवले, त्यातला एकही पंचांग बघून नाही. माती बघून खणवले. त्यांच्या कामात मी आज पंचांग आणलं तर त्या परत येतील, आणि माझ्याशी नाही, तुमच्याशी बोलतील." भावोजी हात धुवायला उठले. ते तुम्हाला जन्मभर घाबरले. आता का थांबावं त्यांनी?

हे सगळं सुरू झालं ते महूला. आठवतं? नाही कसं आठवणार, तुम्ही तो प्रसंग माझ्या डोहाळजेवणापासून माझ्या साठीपर्यंत प्रत्येक कार्यात रंगवून सांगितलात. आज माझी पाळी.

मी नवी नवरी होते. पुण्याहून आले होते, आणि ही गोष्ट इंदुरात कोणी विसरू नये याची मी जातीनं काळजी घेत होते. तुम्ही "अपन चलू" म्हणालात की मी लगेच "आपण जाऊ" अशी दुरुस्ती करायची. गिलकीला घोसाळी म्हणावं म्हणून मी भाजीवालीशी वाद घातला होता, आणि ती बिचारी "हओ बाईजी" म्हणून गिलकीच तोलत राहिली. ती पोरगी आज मला भेटली, तर मी तिला पोह्यांच्या ठेल्यावर भर गर्दीत उभी करीन आणि म्हणेन, आता पोह्यांवर भुरभुरायचा तो जिरावण मसाला माग बरं शुद्ध मराठीत.

तर बांधकाम खात्यातल्या तुमच्या साहेबांनी महूच्या बंगल्यावर चहाला बोलावलं होतं. तुम्ही सुती साडीत, पायात चपटी चप्पल. मी नायलॉनच्या साडीत, उंच टाचांवर, हातात कपबशी, चेहऱ्यावर पुणं. बंगल्याच्या मागे झाडाखाली फळ्यांचा ओटा केलेला. जमिनीपासून जरा उचललेला, वर खुर्च्या, खाली गवत. मला तो इतका आवडला की मी एखाद्या राणीसारखी त्याच्यावर चालत गेले, आणि टाच दोन फळ्यांमधल्या फटीत गेली ती तिथेच राहिली. मी पुढे गेले. चहा साहेबांच्या कुत्र्यावर.

दुसरी कोणी नणंद असती तर तोंड लपवून हसली असती. तुम्ही सगळ्यांसमोर उकिडव्या बसलात, सँडल उपटून काढली, आणि ती मला द्यायच्या आधी त्या फटीत करंगळी घालून बघितलीत. मग वर बघून म्हणालात, "साहेब, फट जादा ठेवली. करंगळी जाते. पेन्सिल जाईल एवढीच पाहिजे."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. साहेबांनाही बहुधा तसंच वाटलं असावं.

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुम्ही एकदम म्हणालात, "घरी असाच करू. मागं, चिकूखाली. फट मी बरोबर ठेवीन."

मी फणकारले, "फटच नको. पोहे खाताना शेव पडेल खाली. मुंग्या होतील."

"फट नसेल तर पाणी कुठं जाईल? फळी फुगून वर येईल."

"आणि मुंग्या?"

"मुंग्या काही होत नाहीत."

आपलं हे भांडण वाटेतल्या राऊच्याही आधी सुरू झालं, ते इंदुरापर्यंत चाललं आणि तिथून पुढे आजवर. बस सोडून सगळं बदललं. बसही बदलली म्हणा.

तुमच्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, लाकूड सडेल, वाळवी लागेल, असं म्हणत तो विषय त्यांच्या हयातीत टाळला. मग ते गेले, मिलिंद तिकडे बायपासजवळच्या फ्लॅटमध्ये गेला, आणि एवढ्या घरात आपण दोघीच उरलो. मागच्या दाराच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपेनात. अंगण पाच पावलांवर, आणि तुम्ही उंबऱ्यात खुर्ची टाकून चिकूकडे बघत बसायचात. एक दिवस म्हणालात, "आता करूच. दाराच्या पातळीला ओटा. उंबरा ओलांडला की बाहेर."

मिलिंदची रेवा त्याला डेक म्हणायची. तुम्ही म्हणालात, "नाव काहीही ठेव, एस्टिमेट मी करीन."

आणि तुमचं ते एस्टिमेट! जगात लोक आधी मोजतात, मग बांधतात, मग बसतात. तुमचं उलटं. "आधी बसा, मग मोजा." अंगणात सतरंज्या अंथरल्या. त्याच्या चार कोपऱ्यांना विटा. मध्ये माझी खुर्ची, तुमची खुर्ची, दोघींमध्ये तिपाई. आणि रेवाला हुकूम, की पोह्यांच्या बश्या ट्रेमध्ये घेऊन खुर्च्यांच्या पुढून जा. जाताना तिच्या तोंडून "आत्याआजी, पाय घ्या ना" निघालं की काम थांबायचं. विटा मागे सरकायच्या. पुन्हा ट्रे. पुन्हा फेरी. नातीनं त्या दिवशी एवढे हेलपाटे घातले की शेवटी ती पोहे स्वतःच खात खात चालायला लागली. तिला "पाय घ्या" म्हणावं लागलं नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हं. आता टेप आणा."

मोजणंही खालून वर. मी आपली उत्साहानं फळ्या मोजायला निघाले होते, किती लागतील, सागाच्या घ्याव्या की कशाच्या. तुम्ही हात धरला. "दिसतं त्याचे पैसे सगळेच धरतात. गाडायचं आहे त्याचे धरा आधी." आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर खांब उभा केला तर दोन वर्षांत ओटा उंटासारखा चालायला लागेल. म्हणून खड्डा काळ्या मातीतून खाली, कडक मुरूम लागेपर्यंत. तिथे काँक्रीटचा पाया, त्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हातहातभर अंतरानं आडवे वासे, आणि मग कुठे फळ्या. गाठी निघतात, टोकं चिरतात, म्हणून फळ्या लागतात त्याहून थोड्या जास्तीच्या. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, काय? चहा! "कारागिरांचा चहा धरला नाही ते एस्टिमेट खोटं," म्हणायचात. सरकारी कागदावर तो धरता आला नाही याचं तुम्हाला निवृत्तीनंतरही दुःख होतं.

फक्त उजव्या कोपऱ्यावर आपलं पटलं नाही. तिथे मुरूम किती खोल?

"छातीइतका," तुम्ही.

"गुडघाभर," मी. "तिथला चिकू उन्हाळ्यातही तरारलेला असतो. मुळं कशाला तरी टेकलीत."

"झाडाला विचारून पाया घालतात का कोणी?"

"मग खणून बघू."

"आधी एस्टिमेट, मग खणणं. खणून बघायला अपन काय उंदीर आहोत?"

सियागंजच्या बाजारात स्क्रू घ्यायला गेलो तेव्हाही तुम्ही माझी अब्रू ठेवली नाहीत. रिक्षातून उतरून तुम्ही अजून सुटे पैसे शोधत होता, तेवढ्यात मी सोनेरी पिवळे चकचकीत स्क्रू पसंत करून मोकळी. दुकानदार मला दीदी म्हणाला होता. ह्या वयात! तुम्ही मागून आलात, एक स्क्रू उचललात, परत टाकलात.

"दीदी म्हणाला म्हणून काय गंजायचे थांबतील? स्टीलचे घे."

दुकानदार म्हणाला, "माताजी, ये भी चलते हैं, घरों में सब यही लगाते हैं."

"आपके घर में बारिश होती है क्या?" तुम्ही विचारलंत. मी दीदी आणि तुम्ही माताजी, हा राग त्यात होताच. नाही म्हणू नका.

स्टीलचे स्क्रू आले. आणि मग तुमचा श्वास लागायला लागला.

दवाखान्यात तुम्ही पडल्या पडल्या छताच्या पट्ट्या मोजत होता. मी उशाशी बसले. तुम्ही मास्क बाजूला केलात. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. भावजयीसारखी वागली नाहीस, बहिणीसारखी वागलीस, असलं काही. मी डोळे पुसायला पदरही तयार ठेवला.

तुम्ही म्हणालात, "छातीइतका."

"गुडघाभर."

"छाती."

नर्स आली. "अम्माजी, झगड़ा बाद में करना, अभी आराम करो." तुम्ही मास्क लावलात, पण हात वर करून छातीवर आडवा ठेवलात. मला दाखवायला. मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तुम्हाला दाखवायला. आणि तुमच्यासाठी मुगाची खिचडी करून आणायला म्हणून घरी गेले. खिचडी झाली. डबा भरला. मिलिंदचा फोन आला.

मोठं काही मीही बोलले नाही, वन्सं. गुडघ्यावर हात ठेवून निघून आले. आता लोक म्हणतात, मन मोकळं करून रडा. मी का रडू? रडले तर तुम्ही जिंकलात असं होईल. भांडण अर्धं टाकून उठून जाणाऱ्याला मी जिंकू देत नसते.

तेराव्यानंतरच्या रविवारी मिलिंद आला, बरोबर ठेकेदार. पवन नाव त्याचं, मोबाइलवर चित्रं दाखवत बोलतो, आणि बोलतो खूप. त्याला मिलिंदनं वाटेतच फितवलं होतं. कोबा मी मान्य करणार नाही हे कळल्यावर दोघांनी मधला रस्ता काढला होता. पवन अंगणात उभा राहून म्हणाला, "काकीजी, ऐसा करते हैं. दो की जगह एक कुर्सी का डेक. एक खंबा कम, लकड़ी कम, सीधा तिहाई खर्चा बच जाएगा. अब वैसे भी…"

"वैसे भी क्या?"

"कुछ नहीं, काकीजी."

"भिया, पहले ये बता, चाय का पैसा पकड़ा है?"

"चाय का कौन पकड़ता है, काकीजी!"

"जिसको काम पूरा करना होता है, वो."

मी रेवाला सतरंज्या आणायला सांगितल्या. पवनच्या मापाच्या, एका खुर्चीच्या मापाच्या. कोपऱ्यांना विटा. मी माझ्या खुर्चीत बसले. तुमची खुर्ची आतून आणवली आणि मिलिंदला म्हटलं, "बैस." त्याला कळलं काय चाललंय. लहानपणी पाढे चुकला की जसा यायचा तसा येऊन बसला. तिपाईला जागाच उरली नाही. रेवा ट्रे घेऊन निघाली आणि त्याच्यापाशी अडली.

"बाबा, पाय घ्या ना."

"घेतो," म्हणाला, आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "आई, एवढंच ना? घेतो मी पाय. त्यात काय?"

तेव्हा मी जे बोलले ते मलाही आधी माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या आत्यानं या घरात जन्मभर पाय घेतले. तू झालास तेव्हा तिची खोली तुला दिली, तिनं पाय घेतले. दिवाणावर झोपली तर सकाळी पेपर वाचणाऱ्यांसाठी घेतले. टीव्ही आला तेव्हा टीव्हीसाठी घेतले. स्वतःच्या पगारातून याच घरावर स्लॅब टाकला, आणि त्याच स्लॅबखाली 'ताई, जरा पाय घ्या'. आयुष्यात एक जागा तिनं अशी मोजली की जिथे कोणी तिला पाय घ्या म्हणणार नाही. त्यातून तू एक वीत जरी कमी केलीस, तरी मी इथे कोबा होऊ देणार नाही, डेक होऊ देणार नाही, चिखलात खुर्ची टाकून बसेन आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कारण सांगेन."

पवन मोबाइलकडे बघत उभा राहिला. मिलिंद बराच वेळ तुमच्या खुर्चीच्या हातावरची सुटलेली वेताची पट्टी गुंडाळत होता. मग उठला, आणि विटा स्वतःच्या हातानं मागे सरकवल्या. रेवाला म्हणाला, "चल, पुन्हा ये. ट्रे घेऊन." ती आली. अडली नाही.

"भिया," तो पवनला म्हणाला, "दो कुर्सी. और चाय पकड़ लेना."

कुदळ पहिली मी मारली. मारली म्हणजे उचलली आणि ती आपली आपण पडली. शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. मी त्यांना हात केला. दुखवट्यातली बाई कुदळ घेऊन हात हलवते, ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत माझ्याआधी पोचली असेल.

तीन कोपऱ्यांत तुमचंच खरं निघालं, वन्सं. तुम्ही सांगितलंत तेवढ्याच खोलीला मुरूम लागला. हे मी मोठ्या मनानं सांगते, जास्त खूष होऊ नका. चौथा खड्डा उजवीकडचा. मी खुर्ची टाकून समोरच बसले. माणूस खड्ड्यात उतरला. काळी माती निघाली, ओली, लोण्यासारखी. गुडघ्याशी आला आणि पहार खणकन वाजली. पवन म्हणाला, "काकीजी, मुरम आ गया."

"नीट बघ. दगड असेल."

"नहीं काकीजी, पूरे में है. देख लो."

मी उठून बघितलं. पिवळा, कडक, सगळीकडे. माझ्या गुडघ्याइतका. एक बोट इकडे नाही, तिकडे नाही.

मी जिंकले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मातीच्या विषयात, खात्यातल्या बाईला मी हरवलं. मी वळले, दाराकडे बघून तोंड उघडलं… आणि उंबऱ्यात कोणी नव्हतं. तोंड उघडं तसंच राहिलं. पवनला वाटलं, मला चक्कर आली. तो धावत पाणी घेऊन आला. त्याला काय सांगणार? ज्या एका माणसाला हरवायचं होतं तेवढंच माणूस हजर नाही. ह्याला काय जिंकणं म्हणतात?

ही तुमची लबाडी आहे. मी ती विसरणार नाही.

त्या खड्ड्यातलं वाचलेलं सिमेंट पवननं परत केलं, ते पैसे सागाच्या फळ्यांकडे वळवले. जुन्या दरवाज्यांचा साग मिळाला, पक्का, वाळलेला. थोडे कमी पडले ते मिलिंदनं घातले आणि मला सांगितलं नाही. मला कळलं, आणि मीही त्याला सांगितलं नाही.

मग आल्या फळ्या, आणि फट. पवन विचारत होता, "काकीजी, गैप रखना है कि सटा दें?" आता घर माझं, अंगण माझं, विरोधी पक्ष गैरहजर. एका शब्दाचं काम होतं. सटा दे म्हटलं असतं तर संपलं होतं. रेवा माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तुमच्या टेबलाच्या खणातून पेन्सिल आणली आणि पवनच्या हातात दिली. "ही जाईल एवढी. करंगळी गेली तर फळी परत काढायला लावीन." दोन्ही मुद्दे मीच घ्यायचे, एवढी काही मी हलकी नाही. आणि खरं सांगू, एकतर्फी जिंकून घरी कोणाशी बोलायचं?

काल काम पुरं झालं. आज सकाळी उंबरा ओलांडला आणि पायरी लागलीच नाही. एक क्षण पाऊल हवेत थांबलं, सवयीनं खाली जायला निघालेलं, आणि मग फळीवर टेकलं. तेल लावलेल्या लाकडाला ऊन लागून वास येत होता. दोन खुर्च्या मांडल्या. मध्ये तिपाई. रेवानं पोहे आणले, पुढून गेली, मागून आली. कोणाला काही म्हणावं लागलं नाही. तुमच्या खुर्चीसमोरची जागा मी बघत होते. पाय लांब सोडून बसायला पुरेशी आहे, वन्सं. चांगली ऐसपैस आहे. कोणी आलं-गेलं तरी हलायचं नाही.

रेवा आत गेली. मी बशीतली शेव चिमटीत घेतली आणि तुमच्या खुर्चीच्या पुढ्यात, बरोबर फटीवर, सांडली. मुद्दाम. मग चहा पीत वाट बघत बसले.

चहा संपायच्या आत पहिली आली. तिच्यामागे दुसरी. आता रांग लागली आहे, तुमच्या पेन्सिलभर फटीतून खाली-वर, प्रत्येकीच्या डोक्यावर माझ्या शेवेचा तुकडा. मी बसमध्ये सांगितलं होतं तुम्हाला. राऊ यायच्या आधी सांगितलं होतं.

बघा. आल्या मुंग्या.

आता बोला.